रेस हलकी झाली, पाय जुनाच राहिला



दसरा तोंडावर आला आहे. कारखान्यावर बॉयलर अग्निप्रदीपनाची तयारी चालू आहे आणि कार्यक्षेत्रातल्या वाड्यावस्त्यांवर नव्या गाड्यांची बोलणी चालू आहेत. ऊसबिलाचा पैसा हातात आला की कोणी ट्रॅक्टर बदलतो, कोणी जुनी जीप मोडीत काढून नवी मोटार दारात उभी करतो. करावी, जरूर करावी. ज्याने वर्ष-दीड वर्ष रात्री-अपरात्री उसाला पाणी पाजले, त्याने घरच्या माणसांना चार दिवस मोटारीत बसवले तर त्यात गैर ते काय? तथापि या पानावर नेहमी बेणे, लागण, खताचे हप्ते आणि हुमणी यांवर लिहिणारे आम्ही आज गाडीच्या एका पॅडलबद्दल लिहीत आहोत. आमच्याच पायाने आम्हाला जो धडा शिकवला, तो आपल्यापासून लपवून ठेवणे बरे नव्हे.

आमच्या शेती विभागाकडे बरीच वर्षे एक जुनी डिझेल जीप होती. तिचं रेसचं पॅडल म्हणजे एक नमुनाच. पहिलं बोटभर तर ते नुसतंच खाली जायचं, पुढे पाय रोवून दाबावं तेव्हा कुठं इंजिन जागं व्हायचं. त्याच जीपने आम्ही गावोगावी ऊस नोंदी घेत फिरलो. पुढे विभागाला नवी गाडी मिळाली. तिसऱ्याच दिवशी एका सभासदाच्या वस्तीवर प्लॉट पाहायला गेलो. उसात चिखल होता, पायात गमबूट होते. तसेच गाडीत बसलो, क्लच सोडला आणि सवयीप्रमाणे रेस दाबली. गाडीने अशी उडी घेतली की ब्रेकवर पाय जाईपर्यंत तिचे तोंड कडब्याच्या गंजीत घुसले होते.

घरधनी मोठ्या मनाचे. म्हणाले, "असू द्या साहेब, कडबाच हाय." परंतु दोनच मिनिटांपूर्वी त्या गंजीच्या आडोशाला त्यांची दोन नातवंडे खेळत होती. आजीने चहा-बटर खायला हाक मारली म्हणून ती आत पळाली होती. हे त्यांनाही ठाऊक होते आणि आम्हालाही. त्या दिवशी त्या घरचा चहा आमच्या घशाखाली उतरला नाही.

आता आम्ही काय केले असेल? जे सगळेच करतात ते. दोष गाडीवर ढकलला. "रेस फार कडक आहे, गाडी आपोआप पळते," अशी तक्रार घेऊन वर्कशॉपला गेलो. तिथल्या तरुण मिस्त्रीने सगळे तपासले, गाडी चालवून पाहिली, मग आम्हाला चालवायला लावून शेजारी बसला. तो रस्त्याकडे बघतच नव्हता, आमच्या पायाकडे बघत होता. चार फेऱ्या झाल्यावर म्हणाला, "साहेब, गाडी ठीक हाय. तुमचा पाय अजून जुन्या जीपमध्येच हाय."

राग आला, परंतु ते खरे होते. खरे का होते, ते थोडक्यात सांगतो.

जुन्या गाडीत रेसच्या पॅडलपासून इंजिनपर्यंत दांडी किंवा तार असे. पायाने दाबले की तार ओढली जाई, आणि डिझेल गाडीत पंपाचा खटका सरके. तार झिजली, सांधे सैल झाले की पायाला जास्त श्रम पडत. आपला पाय त्याच श्रमावर तयार झालेला आहे. नव्या बहुतेक गाड्यांत ही तार राहिलेली नाही. पॅडलला सेन्सर असतात. पॅडल किती खाली गेले आणि किती वेगाने गेले, हे ते गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतात, आणि डिझेल किती सोडायचे ते कॉम्प्युटर ठरवतो. 2020 च्या एप्रिलपासून देशभर भारत स्टेज सहा हे धुराचे नियम लागू झाले. तेवढे काटेकोर मोजमाप नुसत्या तारेच्या भरवशावर साधत नाही. पॅडलखाली आता पायाला थोडा अंदाज यावा एवढ्यापुरतीच स्प्रिंग आहे. म्हणून ते लोण्यासारखे हलके लागते. शिवाय बऱ्याच गाड्यांत पॅडलच्या पहिल्याच टप्प्यात भरपूर ताकद मिळेल अशी जुळणी केलेली असते. जुन्या जीपमध्ये जे बोटभर दाबणे वाया जात होते, तेच नव्या गाडीत सर्वांत जास्त बोलते.

त्यात डिझेल गाडीला टर्बो असतो. इंजिन मंद असताना तो पुरेशी हवा भरत नाही. पाय दाबला तरी क्षणभर काहीच होत नाही. माणूस अधीर होतो, आणखी दाबतो, तेवढ्यात टर्बो भरतो आणि दोन्ही वेळचे मागणे एकदमच पदरात पडते. मग आपण म्हणतो, गाडी उधळली!

ही काही आमच्या एकट्याची कथा नव्हे. 2025 च्या सप्टेंबरात दिल्लीत एका शोरूममध्ये नव्या गाडीची पूजा झाली, चाकाखाली लिंबू ठेवले, आणि लिंबावर चाक चढवताना रेस जास्त दाबली गेली. गाडी पहिल्या मजल्याची काच फोडून खाली रस्त्यावर आली. सुदैवाने जीव वाचले. आपल्याकडेही लिंबू चिरडल्याशिवाय नवी गाडी हलत नाही. लिंबू ठेवा, नारळ फोडा, त्याला आमची हरकत नाही. फक्त त्या वेळी गाडीसमोर फोटोसाठी लेकरे उभी करू नका.

गाडीत कधीच दोष नसतो, असेही आमचे म्हणणे नाही. 2010 च्या सुमारास अमेरिकेत एका मोठ्या कंपनीच्या मोटारी आपोआप पळतात अशी ओरड झाली. तिथल्या रस्ते-सुरक्षा खात्याने नासा या अवकाश संस्थेचे अभियंते तपासाला बसवले. 2011 साली अहवाल आला. गाडी आपोआप पळावी असा दोष कॉम्प्युटर यंत्रणेत आढळला नाही. मात्र पायाखालचे मॅट सरकून पॅडल अडकणे आणि पॅडल चिकटून बसणे, हे दोन दोष खरे निघाले. आणि पुष्कळ अपघातांत ब्रेक समजून रेसच दाबली गेली असावी, असे अनुमान निघाले. म्हणून दोन्ही बाजू तपासाव्यात. पाय उचलल्यावर पॅडल लगेच वर येत नसेल, तर गाडी थेट वर्कशॉपला न्यावी. पॅडल वर येते, पण गाडी उड्या मारते, तर आधी आपला पाय तपासावा.

सभासद बंधूंना ही गोष्ट नवीन नाही. ठिबक आले तेव्हा काय झाले ते आठवा. पिढ्यानपिढ्या दारं धरणारा हात. सरी काठोकाठ भरल्याशिवाय पाणी दिल्यासारखं वाटायचं नाही. कैक जणांनी ठिबकही पाटासारखेच चालवले. ज्यांनी धीर धरला, मुळाशी हात घालून ओल पाहिली, त्यांना थोडे-थोडे आणि वेळेवर देणे जमले. ठिबकाला जे हात शिकला, तेच नव्या रेसला पायाने शिकायचे आहे. थोडे द्यायचे, आणि पुढचे देण्याआधी वाट पाहायची.

आम्ही स्वतः ज्या रीतीने शिकलो, ती सांगतो. पहिल्या दिवशी गाडी बंद ठेवून नुसते बसावे. सीट इतके पुढे घ्यावे की टाच जमिनीवर टेकलेली राहील. सगळी मेख टाचेत आहे. टाच अधांतरी असली की खड्ड्यागणिक पाय हलतो, पायागणिक रेस हलते आणि गाडी हिसके देते. टाच टेकवून फक्त चवडा हलवावा. गमबूट, जाड तळव्याचे बूट आणि निसटणारी चप्पल घालून नवी गाडी चालवू नये. आम्ही आता साधे बूट गाडीतच ठेवतो आणि उसातून आलो की आधी ते घालतो. पायाखाली गोणपाट किंवा सुटे मॅट टाकू नये.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या माळावर जावे. सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये क्लच हळू सोडला, तर बऱ्याच नव्या डिझेल गाड्या रेस न देताही चालू लागतात, कारण इंजिन बंद पडू नये म्हणून कॉम्प्युटरच डिझेल वाढवतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की पायाची निम्मी घाई कमी होते. मग ताशी वीसच्या वेगाने गाडी एकसारखी धरून ठेवावी, काटा हलू देऊ नये. ऐकायला सोपे वाटते, करून पाहा. गाडीत 'इको'चे बटन असेल तर शिकेपर्यंत ते चालू ठेवावे, त्याने रेस सौम्य होते. बिनक्लचची गाडी असेल तर ब्रेक सोडताच ती बहुधा पुढे सरकते, हे ध्यानात धरावे. तिथे डाव्या पायाला सुट्टी द्यावी आणि एकाच पायाने ब्रेक व रेस सांभाळावी. आणि गाडी उधळलीच तर रेसवरचा पाय उचलून ब्रेक घट्ट दाबावा, गाडी न्यूट्रल करावी. चालत्या गाडीची चावी घाबरून फिरवू नये, स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकचा जोरही कमी होतो.

आठ-दहा दिवस असे गेले की पाय आपोआप शहाणा होतो. तोवर घरची सगळी मंडळी भरून जोतिबाच्या वा जेजुरीच्या घाटात जाऊ नये. देव आठ दिवस थांबेल.

आता कारखान्याच्या जिव्हाळ्याचा प्रश्न. मोटारीची उडी कडब्यात जिरली. परंतु ट्रॅक्टरची? 1 जानेवारी 2023 पासून पन्नास अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांनाही धुराचे कडक नियम लागू झाले, आणि या गटात कॉम्प्युटरवर चालणारी इंजिने आली. म्हणजे हलकी रेस आता आपल्या ऊस वाहतुकीतही आली आहे. मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या, चढ, आणि अचानक दिलेली रेस, यात ट्रॅक्टरचे पुढचे चाक उचलते. सपाटीला हिसका बसला तर जोडणीच्या पिनेवर ताण येतो, वरचा ऊस सरकतो. त्याच रस्त्याने बैलगाड्या चाललेल्या असतात, तोडणी कामगारांच्या बायका डोक्यावर वाढे घेऊन कडेने चालतात, त्यांची लेकरे बरोबर असतात. रस्त्यावर हाताची रेस पूर्ण खाली ठेवून पायाचीच रेस वापरावी, दोन्ही ब्रेक पॅडल एकमेकांना अडकवलेली असावीत, मडगार्डवर कोणी बसू नये, हे नियम जुनेच आहेत. नव्या रेसमुळे ते मोडण्याची किंमत वाढली आहे.

आमचे स्पष्ट मत असे आहे की, हंगाम सुरू होण्यापूर्वी संचालक मंडळाने कारखान्याचे रिकामे यार्ड दोन दिवस खुले करावे. ज्यांनी नवा ट्रॅक्टर घेतला, त्यांच्या ड्रायव्हरने आधी मोकळा, मग रिकाम्या ट्रॉल्या जोडून तिथे अर्धा दिवस चालवावा. ही अट वाहतुकीच्या करारातच घालावी. यावर दोन आक्षेप येतील, ते आम्हाला माहीत आहेत. एक म्हणजे, वीस-वीस वर्षे स्टिअरिंग धरलेल्या माणसाला काय शिकवायचं? आमचे उत्तर, त्यालाच आधी शिकवायचं. नवख्याच्या पायाला वाईट सवय तरी नसते, आम्हाला होती. दुसरा आक्षेप, हप्ता अंगावर असताना अर्धा दिवस वाहन अडकवणे परवडत नाही. हंगामाआधी वाहन तसेही दारातच उभे असते. आणि एक अपघात झाला तर हंगामाचे किती दिवस जातात, हे ज्यांच्या घरी घडले त्यांना विचारावे. काही गेलेले तर हंगाम संपला तरी परत येत नाही.

तरण्या पोरांच्या हाती किल्ली देणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही मनावर घ्यावे. पोरगं गाडी जोरात काढतं याचं कौतुक वाटतं खरं, पण हळू काढायला लागला की तो शिकला, असे समजावे.

त्या वस्तीवर आम्ही पुढेही गेलो. गाडी आता रस्त्यावरच लावतो आणि अंगणापर्यंत चालत जातो. घरधनी हसतात, म्हणतात, "आणा की साहेब आत, आता जमतंय तुम्हाला." जमते खरे. तरीही जिथे लेकरे खेळतात तिथे चार पावले चालावीत, हे आम्ही ठरवून टाकले आहे. आपणही नव्या गाडीचा पेढा देताना या चार ओळी आठवाव्यात, ही नम्र विनंती.



ऊस विकास अधिकारी