दुकानातली लिपस्टिक आणि अमेरिकेचं नागरिकत्व

आपल्याकडे बाईचं चारित्र्य गल्ली ठरवते. ती किती वाजता घरी आली, कुणाशी हसून बोलली, यावरून. अमेरिकेत मात्र नागरिकत्व मागणाऱ्या प्रत्येकाचं चारित्र्य सरकार तपासतं, बाई असो की पुरुष. (भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातही परदेशी अर्जदारासाठी चांगल्या चारित्र्याची अट आहेच.) आता तालुक्याच्या गावातल्याही लेकी-सुना तिकडे ग्रीन कार्डावर आहेत, म्हणून हा विषय आपल्या ओट्यापर्यंत आलाय.

ग्रीन कार्डानंतर साधारण पाच वर्षांनी ‘एन-४००’ हा अर्ज भरता येतो. जोडीदार तिथला नागरिक असेल तर तीन वर्षांनी. मुख्य भर या काळातल्या वागण्यावर असतो. पण अटक कधी झाली होती का, हा प्रश्न मात्र साऱ्या आयुष्याबद्दल असतो.

सिग्नल तोडल्याच्या एखाद्या दंडाने सहसा काही अडत नाही. मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये इमिग्रेशन खात्याने पत्रक काढून अर्जदाराचं एकूण वागणंच जोखायला सांगितलं, आणि वारंवार वाहतुकीचे नियम मोडणाऱ्यांचाही त्यात उल्लेख केला. हे मला पटत नाही. गाडीचा वेग आणि माणसाची नियत या काय एकाच तराजूत तोलायच्या गोष्टी आहेत? सगळं अधिकाऱ्याच्या मर्जीवर जातं.

खरी मेख आहे ती दुकानातल्या चोरीत. लिपस्टिक पर्समध्ये टाकली, रक्कम किरकोळ; पण कायद्याच्या भाषेत ते ‘नैतिक अधःपतन’! पहिलाच गुन्हा असेल, त्याला कायद्यात एक वर्षाहून जास्त शिक्षा नसेल आणि प्रत्यक्षात सहा महिन्यांहून जास्त झाली नसेल, तर सवलत मिळते. दुसऱ्यांदा नाही. मग कधीकधी ग्रीन कार्डावरच गदा येते. अशा वेळी वकील म्हणतो, ‘कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा.’ तिथल्या नागरिकाला ते चालून जातं. आपल्या मुलीला नाही! राज्याच्या कोर्टाने पुढे नोंद पुसली तरी इमिग्रेशनवाले ती सहसा धरतातच. कबुलीने देश सोडावा लागण्याचा धोका असेल तर वकिलाने तो आधी सांगायलाच हवा, असं तिथल्या सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये बजावलंय. तेव्हा सही करण्याआधी तिने स्पष्ट विचारावं.

गांजाचंही तसंच. बऱ्याच राज्यांत तो दुकानात राजरोस मिळतो, पण नागरिकत्व देतं केंद्र सरकार, आणि त्याच्या कायद्याने गांजा ओढल्याची नुसती कबुलीही अंगाशी येऊ शकते.

आणि आपण आया इथून काय सल्ला देतो? ‘लिहूच नको गं, कुणाला कळतंय!’ अहो, बोटांचे ठसे घेऊन सगळी नोंद काढतात. जो गुन्हा कदाचित माफ झाला असता, तो लपवायला मुलाखतीत शपथेवर खोटं बोललं, तर तेवढ्यानेच अर्ज फेटाळला जातो. पुढे उघड झालं तर मिळालेलं नागरिकत्वही जाऊ शकतं. त्यापेक्षा रविवारच्या फोनवर एवढं विचारा: कोर्टाच्या निकालाची शिक्क्याची प्रत आणि दंडाची पावती जपून ठेवलीयेस ना?