सामायिक मेमरी आणि मर्यादा

आपल्या बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याचा अभिमान कोणाला नाही? 1615 च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळात, सातपुड्यातून झिरपणारे पाणी भुयारी मार्गाने शहराकडे आणले गेले. वरून पाहावे तर शंभरावर निरनिराळ्या कुंड्या. खाली मात्र वाहते ते एकच पाणी. यंत्रांत बसविलेल्या लहान संगणकांविषयी वाचताना मला या कुंड्यांची वारंवार आठवण झाली. त्यातून सुचलेला एक विचार वाचकांपुढे ठेवीत आहे.

मोटारगाडी, रुग्णालयातील श्वसनयंत्र, रस्त्यावरचा कॅमेरा यांच्या पोटात आज लहानसा संगणक असतो. त्याचा कारभार ऑपरेटिंग सिस्टीम पाहते. सामान्यतः ती प्रत्येक प्रोग्रामला मेमरीचा स्वतंत्र भाग नेमून देते. एकाने दुसऱ्याच्या भागात शिरू नये, हा तिचा दंडक. प्रत्यक्ष उपकरणाशी बोलण्याचे काम ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम करतो.

आता अडचण पाहा. 1920 गुणिले 1080 बिंदूंचे एक चित्र, दर बिंदूस 2 बाइट धरल्यास, 41,47,200 बाइटांचे होते. सेकंदाला अशी 30 चित्रे आली, तर 12 कोटींहून अधिक बाइट होतात. ती सर्व ड्रायव्हरने एकदा घ्यावी आणि प्रोग्रामसाठी पुन्हा उतरवून द्यावी, हा वेळेचा अपव्यय होय. म्हणून मेमरीचा तोच भाग दोघांच्याही पत्त्यांच्या यादीत नोंदवितात. यालाच मॅपिंग म्हणतात. पत्ते दोन, जागा एक. कुंड्या दोन, पाणी एक!

सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु घाईने काम उरकणारा मनुष्य म्हणतो, ‘सगळीच मेमरी लिहिण्याच्या परवानगीसह खुली करा, म्हणजे कटकट मिटली.’ माझे मत याच्या अगदी विरुद्ध आहे. वरच्या कुंडीत पडलेली घाण खालच्या कुंडीवरच्या घागरीत येणारच. मॅपिंग बहुधा 4096 बाइटांच्या पानांनी होते. त्यामुळे हव्या असलेल्या चार बाइटांबरोबर शेजारच्या उपकरणाची नियंत्रणेही नकळत खुली होऊ शकतात. शिवाय एकजण लिहीत असताना दुसरा वाचू लागला, तर त्याच्या हाती अर्धे जुने व अर्धे नवे असे चित्र येते. कधी उपकरण थेट मेमरीत नवी माहिती लिहिते, आणि प्रोसेसर मात्र आपल्या कॅशेमध्ये राखलेली जुनीच प्रत वाचीत बसतो.

हे भय काल्पनिक नाही. कॅनडात तयार झालेल्या थेरॅक-25 या किरणोपचार यंत्रामुळे 1985 ते 1987 या काळात सहा रुग्णांना किरणांची भयंकर अतिमात्रा मिळाली, आणि त्यांतील काही दगावले. त्या यंत्रात एकाच वेळी चालणारी निरनिराळी कामे मेमरीतील सामायिक नोंदी वापरीत. पण कोणी केव्हा लिहावे व केव्हा वाचावे याला पुरेसा बंदोबस्त नव्हता. यंत्र चालविणाऱ्याने भराभर दुरुस्ती केली, तर ती पडद्यावर दिसे. मात्र यंत्राच्या मांडणीपर्यंत पोहोचत नसे. पूर्वीच्या यंत्रांतील स्वतंत्र यांत्रिक अडसरही यात काढून टाकले होते. सगळा भरवसा प्रोग्रामवर, आणि प्रोग्रामला शिस्त नाही! उपचारासाठी विश्वासाने आलेल्या माणसांना त्याची किंमत मोजावी लागली.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की मेमरी अवश्य सामायिक करावी, पण लागेल तेवढीच. ज्याला केवळ वाचायचे आहे, त्याला लिहिण्याचा अधिकार देऊ नये. लिहिण्याची पाळी कोणाची, हे आधी ठरवून कुलूप घालावे, आणि तो नियम पुढच्या माणसाला समजेल असा लिहून ठेवावा. यात थोडा वेळ जाईल, जाऊ द्यावा. वाचविलेला क्षण एखाद्याच्या प्राणाहून मोलाचा नसतो.

विद्यार्थिमित्रहो, आपल्यापैकी कोणी उद्या असे प्रोग्राम लिहील. तेव्हा त्याने कुंडी भंडारा आठवावा. आपण आपल्या कुंडीत काय टाकतो, ते खाली कोणाच्या तरी ओंजळीत जाणार आहे, याचा विसर पडू देऊ नये.