बाळाचा खेळ आणि माझा हरभऱ्याचा टब



आमचा नातू आठ महिन्यांचा झाला. सून घरून काम करते, म्हणून दोन महिने दोघं इथे लोणंदला आली आहेत. तिची मीटिंग सुरू झाली की दार बंद, आणि बाळ माझ्याकडे. पहिल्या आठवड्यात मी काय केलं ते आधी सांगते, कारण मत त्यातूनच बनलं.

मोबाईलवर एक रील पाहिलं. मोठ्या टबात रंगीत तांदूळ, डाळी, मध्ये बसलेलं गोंडस बाळ. खाली लिहिलेलं, स्पर्शाने मेंदूचा विकास होतो. मला वाटलं, हे तर आपल्या कोठीतच आहे! टबात दोन किलो हरभरे ओतले आणि त्याला बसवलं. काय खूश झाला! मी उठून कुकर बंद करायला गेले, एवढंच. परत आले तर चेहरा लाल, खोकला, डोळ्यांत पाणी. सून धावत आली, त्याला हातावर पालथं घेतलं, डोकं खाली, आणि दोन खांद्यांच्या मध्ये थापा दिल्या. दाणा बाहेर पडला. त्या दिवशी मला सूर्यास्तापूर्वीचं जेवण गेलं नाही.

सुनेने हे बाळंतपणाच्या आधी शिकून घेतलं होतं. मी दोन मुलं वाढवली, पण मला माहीत नव्हतं. मी तर घशात बोट घालून शोधणार होते, आणि दिसत नसताना तसं बोट घातलं की दाणा आणखी आत जातो. बाळ खोकत, रडत असेल तर त्याला खोकू द्यायचं. आवाजच निघेना, तर वर्षाच्या आतल्या बाळाला पालथं धरून पाच थापा, नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मध्यभागी पाच वेळा दाब, आणि सोबतच दवाखान्यासाठी हाक. हे प्रत्येक आजीने शिकून घ्यावं.

टब मी त्याच दिवशी आवरला. कपाटाखाली गेलेले लाळेने ओले दाणे मात्र चार दिवसांनी सापडले, त्यांना किडे लागलेले. धान्य निवडताना किडा दिसला तर हळूच कागदावर घेऊन बाहेर ठेवणारी मी! जयणा ती कुठे राहिली?

पण घरातल्या साध्या वस्तूंचा खेळ चुकीचा, असं मी म्हणत नाही. आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हेच केलं. 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. माँटेसरीची महाग साधनं परवडणारी नव्हती, तेव्हा शंखशिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली. फक्त ती मुलं मोठी होती, चालती-बोलती. आठ महिन्यांच्या बाळाचं मात्र सगळं ज्ञान तोंडातून आत जातं, हे मी विसरले.

आता आमच्याकडे काय चालतं? मी कपड्यांच्या घड्या घालते, तो गोधडीवर माझ्याशेजारी. सुती साडी, खरखरीत टॉवेल, आजोबांचा गुळगुळीत उपरण्याचा काठ. पितळी वाटी गार लागते, लाकडी लाटणं तशी लागत नाही, हे त्याला कळतं. दोन्ही आळीपाळीने गालाला लावतो. तेच हरभरे आता बाटलीत आहेत, झाकण घट्ट फिरवून वर चिकटपट्टी, झाला खुळखुळा. दुपारी परातीत दोन बोटं गाळलेलं कोमट पाणी. तेवढ्या पाण्यातही बाळ बुडू शकतं, म्हणून माझा हात त्याच्या पाठीवरच असतो. खेळ संपला की पाणी कुंडीत.

काही मैत्रिणी म्हणतील, आमच्या वेळी कुठे होते हे लाड? होते की. पाळण्यावर कापडी चिमण्या टांगलेल्या असायच्या, रोज तेल लावून न्हाऊ-माखू घालायचं, दारावरून माऊलींची पालखी जायची तेव्हा कडेवर घेऊन टाळ-मृदंग ऐकवायचे. आणि घर माणसांनी भरलेलं. आज बाळ एक, माणूस एक, आणि तिसरा मोबाईल.

मोबाईलबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच सांगितलं आहे की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये. मी सुनेला दोष देत नाही. आमच्या घरात मोबाईल पुढे धरणारे आजोबाच! कांद्याच्या आडतीवरून दमून येतात (गावाचं नाव कांद्यावर, आणि आमच्या स्वयंपाकघरात कांदा नाही), नातू रडला की त्यांना सोपा उपाय हवा असतो. परवा मी त्यांच्या हातात मोबाईलऐवजी डब्याची दोन झाकणं दिली. पाऊण तास दोघं वाजवत बसले. शेवटी मीच म्हटलं, अहो, आता पुरे, माझं सामायिक राहिलंय.