गाठ आधी हाताला लागते, मग यंत्राला

शेतकरी बंधूंनो, बैलाच्या खांद्याला गाठ दिसली तर आपण दुसऱ्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरला बोलावतो. घरातल्या बाईच्या छातीत गाठ लागली तर मात्र सुगी उरकेपर्यंत ती कुणाजवळ बोलत नाही. दुखत नाही ना, मग कशाला! पण कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

तपासणीचं कोणतं यंत्र चांगलं, असं पुष्कळजण विचारतात. ज्वारीची चाळण तिळाला चालत नाही, तसंच हे आहे. मॅमोग्राफी म्हणजे स्तन दोन पट्ट्यांत दाबून काढलेला एक्स-रे. हाताला न लागणारे चुन्याचे बारीक कणही त्यात दिसतात. पन्नाशीपुढं ती जास्त उपयोगी. तरुणपणी स्तन घट्ट असतो. एक्स-रेत तोही पांढरा आणि गाठही पांढरी. कापसाच्या ढिगात कापूस शोधण्यातली गत! तिथं सोनोग्राफी कामाला येते. गाठीत पाणी आहे की ती भरीव आहे, हे तिच्यात कळतं. एमआरआय फार बारीक पाहतो, पण महाग. शिवाय नसती शंकाही उभी करतो. तो डॉक्टर सांगतील तेव्हाच. शेवटचा निकाल मात्र सुईने काढलेल्या तुकड्याचाच.

नुसत्या उष्णतेच्या चित्रावर कुणी 'सर्व ठीक' म्हणालं, तर निर्धास्त राहू नका. ते मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ साली बजावलं आहे.

मग यंत्र तालुक्याला नाही म्हणून हातावर हात ठेवून बसायचं का? मुळीच नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाखावर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींना प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासलं. २०२१ साली निष्कर्ष आले: पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही, हेही खरं.

केंद्राच्या २०१६ च्या सूचनांप्रमाणे ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची अशी तपासणी दर पाच वर्षांनी व्हायला हवी. तेव्हा सरपंच, ग्रामसेवकांनो, येत्या ग्रामसभेत दोनच प्रश्न घ्या. आपल्या उपकेंद्रात ही तपासणी कोणत्या वारी होते? आणि गाठ सापडली तर पुढं कुठं न्यायचं, गाडीची सोय कोण करणार? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. रस्त्या-गटाराइतकंच हेही गावाचंच काम आहे.