स्पर्धेच्या पडद्याआडची मक्तेदारी

खुल्या बाजाराचे भाट स्पर्धेचे गुणगान करताना ग्राफिक्स चिपचा दाखला हमखास देतात. संगणकाच्या पडद्यावर चित्र उभे करण्यासाठी हजारो गणिते एकाच वेळी सोडविणारी ही चिप. निर्मात्यांमध्ये चुरस लागली म्हणून ती वर्षागणिक वेगवान झाली, सरकार मध्ये पडले असते तर हे घडले नसते, असा त्यांचा युक्तिवाद असतो. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे. कारण कृत्रिम बुद्धिमत्तेचा सारा डोलारा आज याच चिपवर उभा आहे. आणि ती ज्याच्या मुठीत, त्याच्या मुठीत उद्याच्या उत्पादनाच्या नाड्या जाणार आहेत.

चुरस होती, हे खरेच. १९९० नंतरच्या दशकात एस-थ्री, मॅट्रॉक्स, थ्रीडीएफएक्स, कॅनडातील एटीआय, १९९३ साली कॅलिफोर्नियात निघालेली एनव्हिडिया अशा अनेक कंपन्या मैदानात होत्या. पुढे काय झाले? १९९६ साली ‘वूडू’ कार्डाने बाजार गाजविणारी थ्रीडीएफएक्स डबघाईला आली आणि डिसेंबर २००० मध्ये आपली मालमत्ता एनव्हिडियाला विकून मोकळी झाली. एटीआयला २००६ साली एएमडीने सुमारे ५४० कोटी डॉलर मोजून गिळले. २०२२ साली इंटेलने या बाजारात नव्याने पाऊल टाकले. तरीही २०२५ साली विकल्या गेलेल्या दर दहा सुट्या ग्राफिक्स कार्डांपैकी नऊहून अधिक कार्डांवर एनव्हिडियाचीच चिप होती. मोठ्या माशाने लहान माशाला गिळावे, हा भांडवली स्पर्धेचा अपवाद नव्हे. तो तिचा नियम आहे.

उरलेल्या दोघी तरी एकमेकींशी प्रामाणिकपणे लढत होत्या काय? २००६ साली अमेरिकेच्या न्याय खात्याने दोघींच्या व्यवहारांची चौकशी आरंभली. ती आरोपपत्राविना बंद झाली. परंतु संगनमताने किमती चढविल्याचा ग्राहकांचा दावा २००८ साली दोघींनी प्रत्येकी साडेआठ लाख डॉलर भरून तडजोडीने मिटविला. शिवाय दोघींपैकी एकीचाही स्वतःचा चिप कारखाना नाही. दोघींच्या प्रमुख चिपा तैवानच्या एकाच कंपनीच्या, टीएसएमसीच्या, भट्टीतून निघतात. दुकाने दोन, भट्टी एक!

या स्पर्धेचा लाभ ग्राहकाला किती झाला, तेही पाहावे. २०१६ साली एनव्हिडियाने ‘जीटीएक्स १०८०’ हे कार्ड ५९९ डॉलरला आणले. २०२२ साली त्याच श्रेणीतील ‘आरटीएक्स ४०८०’ला ११९९ डॉलर लावले. जानेवारी २०२५ अखेर संपलेल्या वर्षात कंपनीची विक्री १३० अब्ज डॉलर आणि निव्वळ नफा ७२ अब्ज डॉलरहून अधिक होता. म्हणजे शंभर रुपयांच्या विक्रीमागे पंचावन्न रुपये नफा. खरी स्पर्धा असती तर असा नफा टिकला असता काय? तो टिकतो, कारण २००७ पासून जगभरच्या संशोधकांनी आपले काम ‘कुडा’ या एनव्हिडियाच्या खासगी प्रणालीत बांधले आणि ती प्रणाली याच कंपनीच्या चिपसाठी घडविलेली आहे. ज्या गावचा ऊस एकाच कारखान्याच्या काट्यावर जातो, त्या गावात भावाची घासाघीस कोण करणार?

शिरूर तालुक्यातील निमोण्याच्या शेतकऱ्याला याचे सोयरसुतक काय, असे कुणी विचारील. त्याच्याच तालुक्यात, रांजणगावला, ऑक्टोबर २०२२ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन संकुल मंजूर झाले. जमीन २९७ एकर, खर्च सुमारे ४९३ कोटी, पैकी केंद्राचे अनुदान सुमारे २०८ कोटी. भूमी तालुक्याची आणि पैसा जनतेचा; पण यंत्राचा मेंदू परदेशातून येणार. पुण्यात एनव्हिडियाचे स्वतःचे विकासकेंद्र आहे. बुद्धी येथल्या अभियंत्यांची, मालकी मात्र कॅलिफोर्नियाची! बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला आहे. पाणी केव्हा द्यावे, खत किती टाकावे याचा हिशेब उद्या परक्या यंत्रावर होऊ लागला, तर त्या यंत्राचे भाडे शेवटी उसाच्याच बिलातून वळते होईल.

दुसरा मार्ग नाही, हे म्हणणे खोटे आहे. भारताने मागितला तेवढा सामर्थ्यवान क्रे महासंगणक देण्यास अमेरिकेने नकार दिला, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही सरकारी संस्था उभी राहिली आणि १९९१ साली तिने ‘परम ८०००’ घडविला. त्यातील ट्रान्सप्युटर चिप ब्रिटनच्या इन्मॉसची होती. ती कंपनीही १९७८ साली मजूर पक्षाच्या सरकारने सार्वजनिक पैशातून उभारलेली. १९८४ साली थॅचरबाईंच्या सरकारने ती विकून टाकली. सरकार मध्ये पडले की तंत्रज्ञान खुंटते, या सिद्धांताला याहून चोख उत्तर कोणते?

आणि त्याच सी-डॅकचा २०२० सालचा ‘परम सिद्धी’ एनव्हिडियाच्या चिपांवर चालतो! २०२४ साली मंजूर झालेल्या १०,३७२ कोटींच्या ‘इंडिया एआय’ योजनेतही बहुतांश चिपा याच कंपनीच्या. जानेवारी २०२५ मध्ये बायडेन सरकारने या चिपांच्या निर्यातीवर देशवार मर्यादा घातल्या, त्यांत भारतही होता. मे महिन्यात ट्रम्प सरकारने तो नियम मागे घेतला. एका फर्मानाने दार बंद, दुसऱ्याने उघडे. याला स्वावलंबन म्हणत नाहीत.

विरोध चिपला नाही, तिच्या मालकीला आहे. म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या लोकांपर्यंत नेल्या पाहिजेत. सार्वजनिक पैशातून होणारे संगणकीय काम कोणत्याही कंपनीच्या चिपवर चालेल अशा खुल्या प्रणालीतच बांधावे. खुल्या आराखड्यावर ‘वेगा’ प्रोसेसर घडविणाऱ्या सी-डॅकला ग्राफिक्स चिपच्या संशोधनासाठी भरीव निधी द्यावा. आणि रांजणगावच्या संकुलात अनुदान घेणाऱ्या प्रत्येक कंपनीने स्थानिकांना किती कायम नोकऱ्या दिल्या, याचा हिशेब तालुक्यातील ग्रामसभांपुढे ठेवावा.

दोन मक्तेदारांपैकी एक निवडण्याच्या मुभेला स्वातंत्र्य मानणारा समाज तिसऱ्याची वाट पाहत बसतो. तो तिसरा जनतेच्या मालकीचा असावा, यासाठी लढणे हेच समाजवाद्यांचे काम आहे.