स्टेपफर्डच्या सुगृहिणी

दिवाळीच्या सुटींत चिरंजिवांनीं घरांतील लहानथोर मंडळींस एकत्र बसवून 'दि स्टेपफर्ड वाइव्ह्‌ज' हा १९७५ चा अमेरिकन बोलपट दाखविला. आयरा लेव्हिन यांच्या १९७२ च्या कादंबरीवरून ब्रायन फोर्ब्स यांनीं तो दिग्दर्शित केला आहे. छायाचित्रणाची हौस असलेली जोआना पति व दोन मुलींसह न्यूयॉर्क सोडून कनेक्टिकट संस्थानांतील स्टेपफर्ड या टुमदार उपनगरांत राहावयास येते. तेथें पुरुषांचें एक मंडळ आहे. आणि स्त्रिया कशा? घर लखलखीत, मुद्रा सुप्रसन्न, पतीस प्रतिशब्द म्हणून नाहीं!

बोलपट निर्दोष मुळींच नव्हे. या स्त्रियांच्या जागीं हुबेहूब यंत्रें येत आहेत, हें चतुर प्रेक्षक लवकर ताडतो. तरी कथानक रेंगाळतच राहतें. असें यंत्र घडतें कसें, माहेरच्यांस संशय कसा येत नाहीं, याचा खुलासा नाहीं. शिक्षकी संवयीनें आम्हीं मनांत तांबडी शाई काढलीच होती.

परंतु ती वाळून गेली. शेवटची वादळी रात्र सोडली तर येथें भय वावरतें तें लख्ख उन्हांत, हिरवळीवर आणि स्वयंपाकघरांत. एक बाई मेजवानींत पाककृतीविषयींचें तेंच वाक्य जणूं तबकडी अडकल्याप्रमाणें पुनःपुन्हां बोलते. पुढें जोआना बदललेल्या मैत्रिणीच्या पोटांत सुरी खुपसते. रक्ताचा थेंब नाहीं! ती मैत्रीण कॉफीचे पेले काढीत, खालीं टाकीत, तेंच तें आतिथ्य करीत राहते. आमच्या अंगावर कांटा आला.

मुलें हंसलीं. आमचें कुटुंब मात्र हंसलें नाहीं. दुसरे दिवशीं सकाळीं आम्हीं चहांत साखर कमी असल्याचें म्हटलें. "हो, घालतें हं," ती गोड हंसून म्हणाली. क्षणानें पुन्हां तेंच, तसेंच हंसून. तिसऱ्यांदांही तेंच. सूनबाई पदराआड हंसूं लागली.

आल्यागेल्यास 'हिनें चाळीस वर्षांत कधीं उलट उत्तर दिलें नाहीं' असें आम्ही अभिमानानें सांगत आलों आहों. त्या दिवशीं प्रथमच विचारलें, कीं कधीं द्यावेंसें वाटलें होतें काय?

"बसा," ती म्हणाली, "चहा निवूं द्या. वेळ लागेल."