आणून देणाऱ्याला शाबासकी

सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत शिकारी जनावरांना शिकवण्याचा उल्लेख आहे. अल्लाहने दिलेल्या इल्ममधूनच माणूस त्यांना शिकवतो, असा तिचा आशय. हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) खूण सांगितली: कुत्र्याने शिकारीतले खाल्ले, तर तुम्ही ती खाऊ नका, त्याने ती स्वतःसाठी धरली. म्हणजे तोंडातली वस्तू ही अमानत.

ब्रिटनमध्ये लॅब्रॅडॉर कुत्रे बंदुकीने पाडलेला पक्षी न चावता आणून देतात. हे शिकवताना काही जण कुत्र्याचा कान चिमटीत धरत. त्याने वस्तू तोंडात घेतली की सोडत. आता बरेच जण बक्षीस देऊन शिकवतात. व्हरांड्यात कापडाची गुंडाळी जवळच टाकतात. कुत्र्याने ती उचलली की त्याच्यामागे धावत नाहीत; धावले की त्याला पकडापकडीचा खेळ वाटतो आणि तो पळतो. उलट मागे सरकून खाली बसतात. तो आला की गुंडाळी हिसकत नाहीत. आधी पाठ थोपटतात, मग खाऊ दाखवतात. तो आपणहून तोंड उघडतो. अंतर हळूहळू वाढवतात.

आपल्याकडे 1972 च्या कायद्याने वन्यप्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे. पण लेकरू दादीचा चष्मा घेऊन पळते, तेव्हा आपण मागे धावतो, हिसकतो, कान पिळतो. पुढच्या वेळी ते चष्मा लपवते. त्यापेक्षा खाली बसा, हात पुढे करा. आणून दिल्यावर आधी शाबासकी. समज नंतर द्या.